दुसरा तुंबा

"व्हय आये, दोनी तुंबं येकाच ओंडक्याचं हायती. किती बाऱ्या सांगू?"

"मला नगं सांगू, चाकाला सांग. मी म्हातारी, मला कुटं बी ढकलून दे. पर गाडीत माझी नातवंडं बसनार हायती."

"बानं भिजत घातलेला ओंडका त्यो. हत्ती बसवला तरी कुरकुरायचा न्हाई."

"हत्ती न्हाई बसवायचा रं. ठकू बसवायची हाय," असं म्हणून बयजाआई गुडघ्यावर हात रेटत उठली आणि कोपऱ्यातल्या जात्याकडं बोट दाखवून म्हणाली, "आन ते जातं घ्या. पीठ काय लोकाच्या दारात दळायचं?"

वैशाखातली पहाट नुसती फटफटत होती, तरी भैरू सुताराच्या कपाळावर घाम डवरला. तो उन्हाचा नव्हता. आईशी तो खोटं बोलला होता.

चाकाच्या पोटात जो लाकडी गड्डा असतो, ज्यात सगळे आरे ठोकलेले असतात आणि ज्यातून आख जातो, तो तुंबा. तुंबा गेला की चाक गेलं आणि चाक गेलं की गाडी आडवी. भैरूच्या गाडीचा उजवा तुंबा बापाच्या ओंडक्याचा होता, हे खरं. डावा नव्हता. डावा होता गेल्या सालच्या शिमग्याला तोडलेल्या बाभळीचा, पुरता न वाळलेला. तेलात काजळी कालवून त्यानं तो असा काही चोपडला होता की सख्ख्या भावासारखा उजव्याच्या शेजारी शोभावा. हे उभ्या पुण्यात एकट्या भैरूला ठाऊक होतं.

आणि उभं पुणं तर पळत होतं.

शके सोळाशे पंच्याऐंशीचं ते साल. दक्षिणेच्या सुभेदार मोगलाची फौज भीमा उतरून शहराच्या अंगावर येत होती आणि श्रीमंतांची फौज कुठल्या कुठं लांब मुलखात. शहराला धड तट नाही. पालखीवाले, हत्तीवाले आठवड्याआधीच सिंहगडाच्या वाटेला लागले होते. उरले होते ते हातावर पोट असलेले. भैरूचं मूळ गाव लोणी काळभोर, पण तिकडं जायची सोय नव्हती, कारण धूळ तिकडूनच उठत होती. मुक्ताचं, त्याच्या बायकोचं, माहेर डोणज्याला, गडाच्या पायथ्याशी. तिकडं निघायचं ठरलं.

हा ओंडका काय भानगड होती ते सांगायला पाहिजे. भैरूचा बाप लोणीहून पुण्यात आला तो वाड्यांच्या दारं-तुळयांच्या कामावर. वेताळ पेठेच्या मागं, नागझरी ओढ्याच्या काठाला त्यानं राहायला झाप टाकला. दिवसा लाकूड तासायचा वाकस चालायचा आणि सांजेला मृदंग. भैरूनं दोन्ही विद्या त्याच्याच मांडीला मांडी लावून उचलल्या. मरायच्या आधी बापानं लोणीच्या बांधावरची एक म्हातारी बाभूळ तोडून आणली आणि तिचा ओंडका नागझरीच्या डबक्यात दगडाखाली दाबून टाकला. लाकडातला सगळा रस पाण्यात उतरला, पाणी चहूकडं काळं झालं, मग ओंडका वर काढून वळचणीला सावलीत ठेवला. "ह्यातनं दोन तुंबं निघत्याल," बाप म्हणाला, "घरच्या गाडीचं." गाडी काही त्यानं पाहिली नाही. ओंडका वाळत राहिला.

सुताराचं मन बाभळीवर, अशी म्हणच आहे. भैरू येता-जाता त्या ओंडक्यावर टिचकी मारायचा आणि ओंडका खणखणीत ओ द्यायचा. असा आवाज की भैरूला जेवण गोड लागू नये.

त्यात यज्ञेश्वरबुवांनी काडी टाकली. बुवा पेठेतल्या देवळात कीर्तन करत आणि भैरू त्यांच्या मागं बापाचा जुना, चिरलेला मृदंग घेऊन उभा राही. एकदा आरती झाल्यावर बुवा उपरणं झटकत म्हणाले, "भैरू, तुझा हात उत्तम आहे. मृदंग मात्र असा बोलतो, की श्रोत्यांना वाटावं मागे कोणी घोंगडी झटकतो आहे. चांगला मृदंग आण, तुला देवळात कायमचा ठेवून घ्यायला सांगतो. रोजचा शिधा मिळेल."

रोजचा शिधा म्हणजे घरातली पाच तोंडं. म्हातारी आई, मुक्ता, पोरगा मच्छिंद्र, रांगती ठकू आणि तो स्वतः. भैरूनं ओंडक्याला मधोमध करवत लावली. अर्ध्याचा तुंबा केला, अर्ध्याचं मृदंगाचं खोड. पोटासाठी केलं, असं तो स्वतःला सांगायचा. ते खरं होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्या आवाजापायी होतं.

मृदंग बोलला तो असा, की बुवांनासुद्धा टोमणा सुचेना. शिधा सुरू झाला. मुक्ता ताट वाढताना मृदंगाकडं बघून म्हणायची, "आदी त्या सवतीला वाढू का तुमास्नी?" आणि गाडीच्या डाव्या चाकाला कच्चा तुंबा बसला. पावसाळा गेला की बदलू, असं भैरूनं ठरवलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. पेठेतल्या पेठेत चार फळ्या वाहायला कच्चा तुंबा काय वाईट होता?

आता त्याच्यावर सगळं घर बसणार होतं.

गाडी भरताना भैरूला घोर होता तो एकाच गोष्टीचा. वजन उजवीकडं कसं घालायचं, आणि तेही कुणी का म्हणून न विचारता? पण देव म्हातारीच्या हट्टाच्या रूपानं धावून आला. "मी उजव्या अंगालाच बसनार," बयजाआई म्हणाली, "डावीकडं ऊन लागतंय. आन जातं, दाण्याचं गठुडं, समदं माज्याजवळच पायजे. पळापळीत कोन काय पळवील नेम न्हाई." मुक्तानं कपाळाला हात लावला. भैरूनं मात्र लगेच जातं उजवीकडं चढवलं. डावीकडं वाकळा, हत्यारांची पिशवी आणि घोंगडीत गुंडाळलेला मृदंग. पोरं मधे.

पर्वतीला वळसा घालून गाडी हिंगण्याच्या वाटेला लागली तेव्हा रस्त्यावर माणसांचा पूर आला होता. डोक्यावर हंडे, काखेत कोंबड्या, पाठीवर म्हातारे. भैरू गाडीत बसलाच नाही. बैलांच्या कासऱ्याला हात आणि कान डाव्या चाकाला, असा तो चालत होता. उजवं चाक एका लयीत फिरत होतं. डावं अजून तरी साथ देत होतं. पण ऊन चढत होतं. कच्चं लाकूड उन्हात आक्रसतं, आक्रसलं की आरे सुटायला लागतात, हे काय त्याला कुणी सांगायला पाहिजे होतं?

हिंगण्याच्या पुढं एका डबक्यापाशी त्यानं गाडी थांबवली आणि डाव्या तुंब्यावर पाणी मारलं. लाकूड पाणी पिऊन फुगावं म्हणून.

"उजव्याला का न्हाई?" मुक्तानं विचारलं.

"त्येला बी मारतो की," म्हणून त्यानं उजव्यावरही घागर ओतली. नुसती देखाव्याला.

वडगावला परत तेच. मच्छिंद्र गाडीतून ओरडला, "बा, चाकं काय बैल हायती व्हय रं, सारकं पानी पाजतुयास?" सगळे हसले. भैरूही हसला, पण ते हसू दातांच्या आत गेलं नाही.

धायरी सोडली आणि नदी उजव्या हाताला लांब राहिली. डबकी संपली. वरून आग, खालून फुफाटा. आणि मग भैरूला ते ऐकू आलं. खट्. चाकाचा एक फेरा झाला की खट्. आधी दहा फेऱ्यांत एकदा, मग पाचांत एकदा, मग दर फेऱ्याला. नवख्या टाळकऱ्यानं सम चुकवावी तसं डावं चाक दर खेपेला उशिरा पडत होतं. भैरूच्या बोटांना सवयीनं त्या आवाजावर ठेका धरावासा वाटला आणि त्याला स्वतःच्याच बोटांची किळस आली. मागं वळून बघितलं तर पुण्याच्या अंगाला आभाळात धुराची एक रेघ चढत होती.

सूर्य आता कलला होता आणि समोरून, उजव्या अंगानं भाजत होता. बयजाआईनं पदर तोंडावर ओढला होता, तरी तिचा चेहरा तव्यासारखा झाला होता.

"आत्याबाई, हिकडं डावीकडं सरा की," मुक्ता म्हणाली. "हितं सावली हाय."

"मी बरी हाय हितं."

"आवं, ऊन लागतंय म्हनून तर सकाळी त्या अंगाला बसलासा. आता ऊन त्याच अंगाला आलंय."

"सकाळी सकाळ व्हती. तू पोरीला बग."

भैरूच्या हातातला कासरा ढिला पडला. त्यानं मान वर करून आईकडं बघितलं. म्हातारी उन्हात बसली होती, जात्याला कवळ घालून, उजव्या फळीला पाठ दाबून. आणि तिची नजर वाटेवर नव्हती, धुराकडं नव्हती. ती डाव्या चाकावर होती.

तिला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं.

तो काही बोलणार तेवढ्यात वाट एका कोरड्या ओढ्यात उतरली. बैलांनी पाय रोवले, गाडी पुढं रेटली, डावं चाक एका धोंड्यावर चढून खाली आदळलं आणि काडकन आवाज झाला. मुक्तानं ठकूला पोटाशी धरून उडी टाकली. मच्छिंद्र तिच्यामागं घरंगळला. म्हातारी जात्याला धरून जागच्या जागी.

तुंब्याला उभी चीर गेली होती. आरे दातांसारखे हलत होते. काजळीचा थर फाटून आतलं लाकूड दिसत होतं, फिकं, ओलसर, नुकत्या सोललेल्या फांदीसारखं. मुक्ता सुताराची बायको होती. तिनं चिरीत बोट घातलं.

"हे कच्चं हाय."

भैरूनं हलणारा आरा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"दुसरा तुकडा कुटं गेला?"

भैरू गाडीतली हत्यारांची पिशवी ओढायला लागला. मग मुक्ताची नजर आपोआप घोंगडीच्या गुंडाळीकडं गेली आणि तिथंच थांबली.

"आसं व्हय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "पोरांच्या बुडाखाली कच्चं आन तुमच्या मांडीवर पक्कं."

शेजारून माणसं चालली होती. एक जण जाता-जाता म्हणाला, "काय सुतारदादा, तुमचीच मोडली व्हय? मग आमी कुनाकडं बगावं?" पण थांबलं कुणी नाही. ज्याचं त्याला पडलं होतं.

"मुक्ता," गाडीतून बयजाआई म्हणाली, "शिव्या डोनज्यात गेल्यावर दे. मी बी दीन. आत्ता त्येचं हात मोकळं ऱ्हाऊं देत. भैऱ्या, काय हाय तुज्याजवळ?"

काय होतं? वाकस होता, पटाशी होती. आसपास झाड म्हणावं असं एक नव्हतं, नुसती करवंदीची जाळी. भैरूनं घोंगडी सोडली. मृदंगाच्या दोन्ही तोंडांना ओढून धरणाऱ्या चामड्याच्या लांब वाद्या आणि त्या वाद्यांखाली ठोकलेले खैराचे गट्टे, सूर चढवायला-उतरवायला असतात ते. त्यानं वाकसाच्या धारेनं वाद्या कापायला सुरुवात केली. पहिली वादी तुटली तेव्हा मृदंगातून एक आवाज निघाला, पोट फुगलेल्या बैलानं सुस्कारा टाकावा तसा. पुढच्या वाद्यांना त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

"वादी भिजवाया पायजे," तो म्हणाला. "वली बांदली, की वाळताना आवळती."

पाणी एकाच घागरीत उरलं होतं, तेही ठकूसाठी ठेवलेलं. मुक्तानं घागर त्याच्या हातात दिली नाही. तिनं स्वतःच वाद्या परातीत घातल्या आणि त्यांच्यावर पाणी धरलं, बेतानं, तेल वाढावं तसं. ओंजळभर पाणी तळाला ठेवलं आणि घागर पदराआड घेतली.

चामडं मऊ व्हायला वेळ लागतो. त्याला घाई कळत नाही. भैरूनं तोवर गट्टे तासून पाचरी केल्या आणि जिथं आरा हलत होता तिथं एकेक पाचर ठोकली. खैर जुना, लोखंडासारखा. मागं धुराच्या एका रेघेच्या तीन झाल्या. रस्त्यावरची माणसं विरळ होत गेली आणि त्याचंच भय जास्त वाटायला लागलं. मग त्यानं भिजलेल्या वाद्या चिरीवरून गच्च गुंडाळल्या, पाय तुंब्याला लावून ओढल्या, गाठीवर गाठ मारली. आता नुसतं बसायचं. सकाळपासून वैरी झालेलं ऊनच आता कामाला आलं होतं. वादी वाळता वाळता कुरकुरत आवळत गेली आणि चिरीची दोन्ही तोंडं एकमेकांकडं सरकली.

"जातं टाकू का खाली?" भैरूनं विचारलं.

"टाकू नगंस," बयजाआई म्हणाली. "ते उजवीकडचं वजन हाय."

गाडीत फक्त म्हातारी आणि तिच्या मांडीवर ठकू. बाकी सगळी पायी. भैरू डाव्या चाकाला हात लावून वाकून चालत होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. खट् आवाज थांबला होता. तरीही दर फेऱ्याला त्याचा जीव एकदा वर जायचा आणि खाली यायचा. डोणज्याची दिवेलागण दिसली तेव्हा त्याला पाठ सरळ करता येईना.

सासऱ्याच्या ओसरीवर भाकरी खाताना त्यानं हळूच विचारलं, "आये, तुला कवा कळलं?"

"तू बैलांस्नी पानी दावत व्हतास तवा. टिचकी मारून बगितली. उजवा बोलला, डावा मुका." तिनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "तुज्या बापासंगं उभा जलम काडलाय. मला लाकूड शिकवतो व्हय रं?"

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"बोलले आसते तर मुक्ता पोरं घिऊन गाडीत बसली नसती. हितंच ऱ्हाते म्हनाली आसती. मोगल बरा का चाक बरं? चाक बरं." मग तुकडा गिळून, "पर तू खोटं बोललास ते बोललासच."

मुक्तानं डोणज्यात शिव्या दिल्या. ठरल्याप्रमाणं, आणि सावकाश.

पुण्यात परतले तेव्हा निम्मी पेठ कोळसा झाली होती. झाप जळाला होता. जळलेल्या शहरात सुताराला काम कमी नव्हतं. भैरूनं लोकांची दारं केली आणि स्वतःच्या दाराला कितीतरी दिवस पोतं लावलं. गाडीला नवा, पक्का तुंबा दुसऱ्या सुताराकडून घेतला. वाद्या आवळलेला फुटका तुंबा मुक्ता चुलीत घालणार होती. बयजाआईनं घालू दिला नाही. "ह्याच्यावर बसून काम कर," तिनं लेकाला सांगितलं. "बुडाला टोचला म्हंजे ध्यानात ऱ्हाईल." भैरू त्याच्यावर बसून काम करायला लागला.

मृदंगाचं उघडं खोड वळचणीला पडून होतं. त्याच्या एका तोंडाला बोळा लागला आणि आत कोंबडी अंड्यावर बसली. पावसाळ्यानंतर यज्ञेश्वरबुवा शोधत आले, त्यांनी आत वाकून बघितलं. कोंबडीनं त्यांच्याकडं बघितलं.

"वा," बुवा म्हणाले. "आमच्या कीर्तनाला आजवर पिल्लं काही झाली नव्हती."

"पिल्लं निगस्तवर थांबा बुवा," भैरू म्हणाला. "त्येच्या आदी तोंडाला चामड्याच्या पुड्या चढवाया आमची आय देयाची न्हाई."

पिल्लं निघाली. मग पुड्या चढल्या, नव्या वाद्या आल्या. त्या मृदंगावर भैरूनं पुढं बुवांची, बुवांच्या लेकाचीही कीर्तनं वाजवली. पण घरातून मृदंग उचलला की मुक्ता विचारायची, "चाकं बगितली का आदी?" आणि तो मुकाट्यानं गाडीपाशी जाऊन दोन्ही तुंब्यांवर टिचकी मारून यायचा. बयजाआई गेली. ठकू लोणीला दिली, तिचा रुखवत त्यानं एकट्यानं घडवला. गाडीत बसवून सासरी पाठवली तेव्हा हडपसरापर्यंत चाकाशेजारून चालत गेला. वऱ्हाडी हसले. मग मुक्ताही गेली. तरी तो टिचकी मारायचाच.

म्हातारपणी त्याचे कान गेले. मृदंग हाताच्या सवयीवर चालायचा, पण टिचकीचं काय करायचं? मग त्यानं युक्ती काढली. वाकसाचा दांडा दातांत धरायचा, दुसरं टोक तुंब्याला टेकवायचं आणि ठोकायचं. लाकडाचा आवाज दातांतून डोक्यात चढायचा.

चाळीसेक वर्षांनी होळकरांची फौज श्रीमंतांशी लढायला हडपसरापाशी आली, त्या दिवाळीला पुणं परत पळालं. मच्छिंद्राचे केस पिकले होते. गाडीत त्याची नातवंडं बसत होती. म्हातारा दांडा घेऊन चाकाकडं निघाला तसा मच्छिंद्र त्याच्या कानात ओरडला, "आवं बा, दोनी तुंबं येकाच ओंडक्याचं हायती!"

म्हातारा थबकला. त्यानं आईला सांगितलेले तेच शब्द. त्यानं लेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग गुडघे टेकले, दांडा दातांत धरला आणि उजवा ठोकला. डावा ठोकला. परत उजवा. परत डावा. गाडीतली पोरं खिदळत होती. मच्छिंद्र कासावीस होऊन वेशीकडं बघत होता. म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा डावा ठोकला, दांडा तोंडातून काढला आणि पुसला.

"हायती," तो म्हणाला आणि गाडीत चढला. मधोमध बसला.

परत आले तेव्हा झाप शाबूत होता. पण भैरूनं पुढच्या गाडीसाठी नागझरीत दगडाखाली भिजत घातलेला ओंडका नव्हता. फौजेनं वर काढून जाळला असणार. ओला ओंडका जाळायला त्यांना किती धूर खावा लागला असेल, ह्याचंच भैरूला जरा बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं पणतवंडांच्या मदतीनं एक नवी बाभूळ लोटत लोटत डबक्यात नेली आणि वर धोंडे रचले.

"बा, हे वाळस्तवर तुमी आसाल व्हय?" मच्छिंद्रानं विचारलं.

"दोन निगत्याल ह्यातनं," म्हातारा म्हणाला. त्याला प्रश्न ऐकू आला नसावा, किंवा आला असावा. "दोनी गाडीचं. ध्यानात ठेव."

पाय पुसून तो झापात आला. कुणाच्या तरी चाकाचा अर्धा तासलेला आरा कालपासून पडून होता. भैरू फुटक्या तुंब्यावर बसला. बुडाला वादीची गाठ टोचली, तसा एका अंगावर सरकला आणि त्यानं वाकस उचलला.